‘पारंपरिक’ लिहिण्याआधी

माझ्या पहिल्या अल्बममधील सात गाण्यांपैकी पाच गाण्यांचे शब्द माझे आहेत. तरीही प्रकाशनाच्या वेळी सातही गाण्यांपुढे गीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ असेच होते. हा शब्द कोणी लबाडीने घातला नव्हता. कोल्हापूरच्या राजारामपुरीतील स्टुडिओत रात्री अकरा वाजता गाणी प्रकाशित करणाऱ्या वितरकाचा अर्ज भरताना तो मीच लिहिला होता.

चाली आजीच्या होत्या. पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात ती जात्यावर ज्या ओव्या म्हणत असे, त्यांच्या वळणावर मी नवे शब्द बांधले होते आणि त्यांपुढे स्वतःचे नाव लावणे मला आगाऊपणाचे वाटले. दीड वर्षाने त्यातील एक गाणे दुसऱ्या गायकाच्या अल्बममध्ये ऐकले, तेही कडव्यातील आमच्या म्हशीचे नाव न बदलता. विचारणा केली तेव्हा ‘तुम्हीच तर पारंपरिक लिहिले आहे’ असे उत्तर आले आणि मी निरुत्तर झाले.

म्हणून पुन्हा पुन्हा सांगते की चाल, शब्द आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चाल लोकपरंपरेतील असली, तरी तुम्ही रचलेल्या शब्दांवर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुमचाच हक्क असतो, तो हयातीनंतरही 60 वर्षे टिकतो आणि त्यासाठी सरकारी नोंदणी सक्तीची नाही. मात्र प्रकाशित प्रतीवर ज्याचे नाव असते, त्यालाच उलट सिद्ध होईपर्यंत कर्ता मानले जाते. नावाऐवजी ‘पारंपरिक’ लिहिले की हा आधार जातो आणि पुरावे शोधण्याची वेळ आपल्यावर येते. माझ्याकडे वह्या होत्या, पण एकाही पानावर तारीख नव्हती. आयएसआरसी क्रमांक मिळाला म्हणून मी निर्धास्त होते; तो क्रमांक केवळ ध्वनिमुद्रणाची ओळख आहे, शब्द कोणाचे हे त्यावरून ठरत नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकाराचा रॉयल्टीतील वाटा करारानेही काढून घेता येत नाही, परंतु गीतकारच नोंदलेला नसेल तर वाटा मागणार कोण?

ज्या मातीत शाहीर पोवाड्याच्या शेवटी स्वतःचे नाव गुंफतो, त्या मातीत मी नम्रतेपायी नाव पुसले, याचे आजही वाईट वाटते. ‘आधी नाव होऊ दे, कागद नंतर बघू’ असे सांगणाऱ्या ज्येष्ठांना मी तेव्हा गुरू मानत होते. आता त्यांना केवळ चांगले वादक मानते.

बाकीच्या चुका किरकोळ आहेत आणि त्या होतीलच. आम्ही आषाढात ध्वनिमुद्रण केले, ओलीने हलगीचे कातडे सैल पडे, त्यामुळे दर दोन टेकनंतर हलगीवाले दादा मागच्या अंगणात कागद पेटवून हलगी शेकत उभे राहत आणि तोवर स्टुडिओचे भाडे चढत राही. उन्हाळ्यात गेलो असतो तर एक दिवस वाचला असता. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. आवाज साधा असला तरी चालतो.

अर्ज भरताना चाल पारंपरिक असेल तर संगीताच्या रकान्यात तसे लिहावे आणि गीताच्या रकान्यात स्वतःचे पूर्ण नाव लिहावे. गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सदस्य होऊन तेथेही तीच नोंद करावी. चुकलेली नोंद वितरकाकडून दुरुस्त करून घेता येते. मी तसा अर्ज केला आहे. तीन गाण्यांपुढे माझे नाव आले, दोन अद्याप ‘पारंपरिक’ आहेत, आणि म्हशीचे गाणे त्या दोनांत आहे.