पोर्टेबल अ‍ॅपने ‘अपडेट करू का?’ विचारलं तर
पोर्टेबल अ‍ॅप म्हणजे संगणकावर इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं अ‍ॅप. माझ्या पेनड्राइव्हवर फायरफॉक्स ब्राउझर, पासवर्ड जपणारं कीपास आणि व्हिडिओ प्लेअर व्हीएलसी आहेत. अपडेटची खिडकी आली की मी लगेच ‘हो’ म्हणत नाही. काही अ‍ॅप्स साधा इन्स्टॉलर उतरवतात. तो नवी आवृत्ती सी ड्राइव्हवर बसवतो आणि पेनड्राइव्हवरची जुनी तशीच राहते. एका अ‍ॅपच्या बाबतीत मला हे दोन महिन्यांनी कळलं.

पोर्टेबलअ‍ॅप्स डॉट कॉम या अशी अ‍ॅप्स देणाऱ्या साइटचं अ‍ॅप असेल तर त्यांच्याच मेनूतून अपडेट करा. त्यात ‘अ‍ॅप’ फोल्डर बदलतो, तुमच्या सेटिंग्जचा ‘डेटा’ फोल्डर जपला जातो. तरी आधी अ‍ॅप बंद करून अख्खा फोल्डर कॉपी करून ठेवाच, आणि अपडेट संपेपर्यंत पेनड्राइव्ह उपसू नका.

ब्राउझरचं अपडेट मात्र लांबवू नका. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात.