पॉटरी स्टुडिओचा कोबा सील कसा करावा

मातीकामाच्या खोलीत कोबा उघडा ठेवू नये, त्यावर एपॉक्सीचा, म्हणजे दोन घटक कालवून लावायच्या, सुकून कडक होणाऱ्या लेपाचा थर द्यावा. सुकलेली माती आणि ग्लेझची पूड सिमेंटच्या छिद्रांत जाऊन बसते, पुसून निघत नाही आणि चालताना पुन्हा उडते. त्यातली बारीक सिलिका वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, आणि तो बरा होत नाही.

नवा कोबा असेल तर २८ दिवस थांबा. मग ओल तपासा. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही कडांनी टेपने चिकटवा आणि २४ तासांनी उचला. खाली दव धरलं असेल किंवा कोबा काळपट दिसला तर तिथे एपॉक्सी टिकणार नाही, फुगे येऊन सुटेल. तळमजल्यावर ही ओल बहुधा जमिनीतून येते. अशा ठिकाणी लिथियम सिलिकेटचा डेन्सिफायर, म्हणजे कोबा घट्ट करणारं द्रव, बरा. तो आत मुरतो, वाफ अडवत नाही. त्याने धूळ कमी होते, पण वर थर बनत नसल्याने डाग पडतात.

काम बिघडतं ते बहुतेक वेळा घासण्यात. आपल्याकडे कोब्यावर सिमेंट घोटून चकाकी आणतात. त्या चकाकीवर लावलेलं एपॉक्सी पापुद्र्यासारखं निघतं. डायमंड कप (घासायची हिऱ्याच्या कणांची चकती) लावलेल्या ग्राइंडरने, व्हॅक्यूम जोडून आणि एन-९५ मास्क घालून ती काढा. मग पाण्याचा थेंब टाका. तो तसाच उभा राहिला तर घासणं बाकी आहे. पटकन मुरला तर झालं. भेगा थोड्या रुंद करून एपॉक्सी पुट्टीने भरा.

२०० चौरस फुटांना, लिटरला साधारण ८ चौरस मीटर धरलं तर, एका हाताला सव्वादोन-अडीच लिटर लागतं. एक हात प्रायमर, दोन हात एपॉक्सी. एपॉक्सीचे दोन घटक, रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर, डब्यावरच्या प्रमाणातच घ्या. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला की थर चिकटच राहतो. अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा. डब्यात राहिलेलं तापून घट्ट होतं. कडा ब्रशने, बाकी रोलरने, दारासमोरच्या भिंतीपासून दाराकडे. भिंतीवर चार इंच चढवा, म्हणजे कोपऱ्यात चिखल साचत नाही. डब्यावर दिलेल्या वेळात दुसरा हात द्या. वेळ टळली तर आधी पॉलिशपेपर मारावा लागतो. ओली माती सांडलेलं एपॉक्सी फार निसरडं होतं, म्हणून शेवटच्या हातात ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी मिसळा. चाकाभोवती आणि सिंकपाशी तर हवीच.

पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत थरावर पांढुरकी, चिकट साय येते. फेब्रुवारी ते मे बरे. जड सामान सात दिवसांनीच आत न्या.

भट्टीखाली आणि तिच्याभोवती दोन फूट एपॉक्सी नको, उष्णतेने ते पिवळं पडतं आणि मऊ होतं. तिथे डेन्सिफायर लावा आणि भट्टी लोखंडी स्टँडवर ठेवा.

सील केल्यावरही केरसुणी नको. रोज ओला मॉप, आणि तो पिळायला वेगळी बादली. गढूळ पाणी सिंकमध्ये ओतू नका. रात्रभर ठेवून खालचा गाळ वेगळा काढा.