लघवी-संडासाचं वेळापत्रक असं बसलं

मणक्याला मार लागून पाय गेले, ते लोकांना दिसतं. लघवी-संडासावरचा ताबा गेलेला दिसत नाही, आणि खरा त्रास तोच. कायमची नळी आणि पिशवी होती तोवर मला वारंवार इन्फेक्शन होऊन थंडी-ताप यायचा.

मग युरॉलॉजिस्टनी सीआयसी शिकवलं. म्हणजे दर चार-सहा तासांनी स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. अमेरिकन युरॉलॉजिस्ट डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ साली ही पद्धत मांडली. मूत्राशय वेळेवर रिकामं होणं सर्वांत महत्त्वाचं, हा त्यामागचा विचार. हात साबणाने धुतो, नळीला जेली लावतो, सावकाश सरकवतो. आत अडली तर जोर लावायचा नाही. लांब श्वास घेत थांबलं की स्नायू सैल पडतो. धार थांबल्यावर नळी थोडी थोडी मागे घ्यायची, उरलेली लघवी तेव्हा येते. एका वेळी ५०० मिलीच्या वर निघाली, तर मी पुढची वेळ अलीकडे घेतो.

पोटासाठी नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने कमोडवर बसून इरिगेशन, म्हणजे गुदद्वारातून आतड्यात पाणी सोडून पोट साफ करणं. पाणी कोमटच हवं, आणि हळू सोडायचं. थंड पाण्याने मुरडा येतो. हे मात्र नर्ससमोरच शिका, आतड्याला इजा होऊ शकते. मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि डोकं ठणकून घाम फुटला, तर लगेच थांबा, ताठ बसा, मदत बोलवा.

आता ऑफिसला डायपरशिवाय जातो. जादा नळ्या पाठीवरच्या सॅकमध्येच असतात.