या चुका टाळा: नंबर, जीमेल आणि आधार दुसऱ्याच्या हाती सोपवू नका

मालवणच्या बाजारात माझं छोटं सेवा केंद्र आहे. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, आधारची प्रिंट, रिचार्ज, फोनची किरकोळ कामं. गेली बारा वर्षं काउंटरवर बसून एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की ते कानावर आलं की पोटात गोळा येतो: "माका काय कळता गो, तूच टाक काय ता." आणि कुलूप उघडलेला फोन माझ्या हातात. परवा एका मावशींच्या फोनला पारदर्शक कव्हर होतं. कव्हरच्या आत घडी घातलेला कागद आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेला यूपीआय पिन. खाऱ्या पाण्याने पहिला आकडा फुटला होता, म्हणून मागे चार गिऱ्हाइकं उभी असताना मावशींनी तो मोठ्याने सांगितला.

लोक माझ्यावर विश्वास ठेवतात याचं मला मोल आहे. पण आज बँक, रेशन, पेन्शन, गाडीचे कागद या सगळ्या ठिकाणी "मी मीच आहे" हे तुमच्या वतीने फोन सांगतो. तो ते तीन गोष्टींच्या जोरावर सांगतो: तुमचा नंबर, तुमचं खातं आणि तुमचं आधार. यातली एक जरी दुसऱ्याच्या हातात असली तरी तुम्ही अर्धे त्याच्या ताब्यात आहात. म्हणून हे लिहितेय.

जुना नंबर तसाच मरू देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, आणि आपल्या किनाऱ्यावर ती सर्रास होते. कारण एकच, रेंज. वाडीत एका कंपनीची येते, बाजारात दुसरीची, आणि होडी दहा वाव पाण्यात गेली की तिसरीचीच. मग माणूस नवं सिम घेतो आणि जुनं डब्यात टाकतो. "नंबर गेलो तर गेलो, दुसरो आसा मा."

दांडी किनाऱ्यावरच्या एका तांडेल काकांनी (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) असंच केलं. शिमग्याला जुनं सिम काढून ठेवलं आणि रिचार्ज बंद केला. जून-जुलैची मासेमारी बंदी संपली, हंगाम सुरू झाला, कोणाला काही वाटलं नाही. दिवाळीनंतर बंदरावर टोपल्या उतरवताना फोन पाण्यात पडला. नवा घेतला आणि माझ्याकडे आले, "जुना सगळा यात घाल." जीमेल उघडायला गेले तर कोड जुन्या नंबरावर. आधारचा ओटीपी जुन्या नंबरावर. बँकेचाही जुन्याच नंबरावर. तो नंबर मी लावला तेव्हा सोलापूरकडची एक मुलगी बोलली. नंबर तिने नुकताच घेतला होता आणि तीन आठवडे तिला कोणाच्या तरी बँकेचे मेसेज येत होते. मुलगी सज्जन निघाली म्हणून बरं.

यात त्या मुलीची चूक नाही आणि कंपनीचीही नाही. नियमच तसा आहे. प्रीपेड नंबर ९० दिवस कशालाच वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झाल्यावर आणखी किमान ९० दिवस तो कोणाला देत नाहीत, त्यानंतर नव्या ग्राहकाला देऊ शकतात. हा विषय सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. जुन्या नंबरावरची आपली माहिती वाचवायची काळजी नंबर सोडणाऱ्यानेच घ्यायची, असं न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं.

पुढची फरफट मी डोळ्यांनी पाहिली. आधार केंद्रावर नंबर बदलायला गेलो तर बोटांचे ठसे उमटेनात. तीस वर्षं जाळ्याचे दोर ओढून बोटांवरच्या रेषा घासून गेल्या होत्या. तेल लावलं, पुसलं, दहाही बोटं लावून झाली. काका स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवर काम झालं. मग बँकेच्या शाखेत फॉर्म, सही जुळेना, पुन्हा फेरी. जवळजवळ महिना गेला. जीमेल मात्र परत मिळालंच नाही. मुलीच्या लग्नाचे आणि होडी पहिल्यांदा पाण्यात लोटली त्या दिवसाचे फोटो त्यातच होते.

उपाय साधा आहे. रेंज हवी असेल तर नंबर बदलू नका, कंपनी बदला. PORT हा शब्द इंग्रजीत, मग एक जागा सोडून तुमचा नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवला की आठ अक्षरांचा कोड येतो. तो घेऊन हव्या त्या कंपनीच्या दुकानात जायचं. नंबर तोच राहतो. दोन सिम हवीतच असतील तर जुन्यालाही स्वस्तातला रिचार्ज मारत राहा. मी माझ्या घरच्या सगळ्या नंबरांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिते. आणि नंबर खरंच सोडायचा असेल तर आधी बँक, मग आधार, मग जीमेल, डिजिलॉकर (सरकारी कागद फोनवर ठेवायचं सरकारी अ‍ॅप) आणि व्हॉट्सअ‍ॅप हलवायचं, सिम शेवटी. "आधी सिम घेतो, बाकी सावकाश बघू" म्हणणाऱ्यांचं ते सावकाश कधी उजाडत नाही.

भाच्याने उघडून दिलेलं जीमेल

गणपतीला चाकरमानी येतात. भाचा मामासाठी नवा फोन आणतो, आरत्यांच्या मधल्या वेळात पटापट सगळं लावून देतो आणि विसर्जन झालं की मुंबईच्या गाडीत बसतो. पोरगा प्रेमाने करतो, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण खातं कोणाचं? कधी भाच्याचं स्वतःचंच, मग मामाचे फोटो आणि फोननंबर सगळे त्याच्या फोनवर जातात. कधी नवं उघडलेलं असतं, पण पासवर्ड कोणालाच आठवत नाही आणि खातं परत मिळवायचा नंबर भाच्याचा. दुकानातून फोन घेतला तरी तेच. काउंटरवरचा पोरगा दोन मिनिटांत एक पत्ता तयार करतो, आणि गिऱ्हाईक त्याचा कागदही मागत नाही. तांडेल काकांचं खातं असंच एका दुकानात उघडलेलं होतं.

मला या घाईचा मनापासून राग येतो. लोक हापूसची पेटी घेताना प्रत्येक आंबा हातात घेऊन वास घेतात, आणि ज्याच्यावर पुढची दहा वर्षं चालायची ते खातं "गाडी सुटतली" म्हणून दोन मिनिटांत उरकायला सांगतात. माझ्याकडे आलात तर मी दुसरी एसटी पकडायला सांगते. अर्धा तास लागतो. फोन तुमच्या हातात, बोट तुमचं, पासवर्ड टाकताना मी मान फिरवते.

त्या अर्ध्या तासात मी काय करून घेते ते सांगते. पासवर्ड गिऱ्हाइकाने स्वतः ठरवायचा, लांब, मालवणी वाक्यातला असला तरी चालेल. परतीचा नंबर स्वतःचा, आणि दुसरा घरातल्या एका माणसाचा. मग दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) चालू करायची आणि ओटीपी येत नसला तरी खातं उघडणारे गूगलचे बॅकअप कोड काढायचे. ते दहा असतात, प्रत्येकी आठ आकडी, एक कोड एकदाच चालतो. ते वहीच्या पानावर लिहायचे आणि वही घरी कपाटात ठेवायची. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवला तर फोन गेला की कोडही गेले. माझ्याकडे त्याची प्रत मी ठेवत नाही, मागितली तरी नाही.

कागद कशाला, असं शिकलेली मुलं विचारतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे वीज नव्हती, टॉवर बंद होते, दिवसचे दिवस एकही ओटीपी येत नव्हता. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं. तिथल्या माझ्या मावशीचं कपाट कागदपत्रांसकट चिखलात गेलं, पण डिजिलॉकर आधीच उघडलेलं असल्याने लायसन्स आणि गाडीचं आरसी बुक चार दिवसांत फोनवर परत दिसलं. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्यानेच दिलेला कागद कायद्याने मूळ कागदासारखाच धरला जातो. आपण फोटो काढून चढवलेल्याला मात्र तो मान नाही, हा फरक खूप जणांना ठाऊक नसतो. तेव्हा दोन्ही हवं, कपाटातली वहीही आणि फोनमधलं लॉकरही.

जुनी चार-पाच जीमेल खाती पडून असतील त्यांचंही बघा. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गूगल ते पुसून टाकू शकतं, आणि डिसेंबर २०२३ पासून तशी खाती पुसायला सुरुवात झाली आहे.

आधारचा फोटो वाटत फिरणं

तारकर्लीत चार खोल्यांचा होमस्टे चालवणारं एक जोडपं प्रिंट काढायला आलं. गॅलरी उघडली, आणि मी नुसतं बोट सरकवत राहिले. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, कुठकुठच्या माणसांची आधार कार्डं. लहान मुलांचीसुद्धा. तीन वर्षांची पाहुणेमंडळी, सगळी पूर्ण नंबरासकट, कोळंबीच्या आणि सूर्यास्ताच्या फोटोंच्या मध्ये. आणि तो फोन ते त्याच आठवड्यात एक्स्चेंजमध्ये देणार होते. आधी रीसेट करायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं. माणसं चांगली. "पाहुणे आपणच पाठवतात," म्हणाले, आणि ते खरं आहे.

पाठवणाऱ्यांनो, मास्क्ड आधार पाठवा. आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे यूआयडीएआयच्या, संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतं. १२ पैकी पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. जिथे लायसन्स किंवा मतदार कार्ड चालतं तिथे ते द्या. नंबर मागितलाच तर १६ आकडी व्हर्च्युअल आयडी काढा, तो हवा तेव्हा बदलता येतो, आधार नंबर बदलता येत नाही. होमस्टेवाल्यांनो, रजिस्टरमध्ये नोंद करा आणि पाहुणा गेला की फोटो पुसा, गॅलरीतला आणि व्हॉट्सअ‍ॅपमधलाही. माझ्या केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रिंटसाठी आलेले कागद मी रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी पुसते. दुकानदार पुसतो की नाही हे तुम्ही विचारायला हवं, आणि त्याला त्याचा राग येता कामा नये.

आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याची ओळख, लॉक करा. आधार नंबर आणि अंगठा यांच्यावर बँकेतून पैसे निघतात, तिथे ओटीपी लागत नाही. लॉक केलं की अंगठा चालत नाही. पण मग रेशन दुकानावर "अंगठा लागत नाय" म्हणून भांडू नका. आधी फोनवरून थोड्या वेळासाठी अनलॉक करायचं, मग रांगेत उभं राहायचं. मागच्या ६ महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं तेही यूआयडीएआयच्याच संकेतस्थळावर दिसतं. मी महिन्यातून एकदा बघते.

बागेतल्या राखण्याला आपल्या नावाचं सिम

देवगडपासून रत्नागिरीपर्यंत आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार असतात. त्यांच्याकडे कागद नसतात, म्हणून बागायतदार आपल्या नावावर सिम काढून देतो. हंगाम संपतो, माणूस जातो, सिम कुठे जातं कोणालाच माहीत नसतं. त्या सिमवरून पुढे काहीही झालं तरी पोलिसांचा पहिला फोन तुम्हालाच येणार. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. एका माणसाच्या नावावर आपल्याकडे जास्तीत जास्त ९ चालतात. जो तुमचा नाही किंवा आता नको, त्यावर तिथेच खूण करता येते. एका बागायतदारांनी माझ्यासमोर पाहिलं तर सात निघाले. त्यातले तीन कोणाकडे आहेत ते त्यांना सांगता आलं नाही.

बाकीच्या, थोडक्यात

ओटीपी रांगेत उभं राहून मोठ्याने वाचू नका. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावा, आणि "लिंक्ड डिव्हाइसेस"मध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लगेच काढा. लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) असेल तर ती पत्रिका नाही. टॉर्चच्या अ‍ॅपला तुमचे फोननंबर कशाला हवेत? नाही म्हणा. लोकेशन द्यायचंच तर "अ‍ॅप वापरताना फक्त" एवढंच. दुरुस्तीला फोन देताना पॅटर्न कागदावर काढून देऊ नका. काही फोनमध्ये त्यासाठी मेंटेनन्स किंवा रिपेअर मोड असतो, तो चालू करा. नसेल तर समोर बसून राहा.

आणि फोन हरवलाच तर दुपारपर्यंत शोधत बसू नका. दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला सांगून सिम बंद करा, मग बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मग पोलिसात तक्रार, त्याची प्रत आणि आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख नंबर) घेऊन संचार साथीवर फोन ब्लॉक. हा १५ आकडी आयएमईआय फोन हातात असतानाच स्टार-हॅश-०६-हॅश दाबून काढायचा असतो, आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या वहीत तो बॅकअप कोडांच्या वर, पानाच्या पहिल्या ओळीत लिहिलेला असतो.