मेडिकेअरचा औषध-विमा: अमेरिकेतल्या ज्येष्ठांसाठी ऑनलाइन अर्जाची पद्धत

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेचा मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठीचा सरकारी आरोग्य-विमा. त्याचे पार्ट ए (हॉस्पिटल) आणि बी (डॉक्टर) मिळाले म्हणजे रोजच्या गोळ्यांचीही सोय झाली, असं अनेक घरांत गृहीत धरलं जातं. तसं नसतं. औषधांसाठी पार्ट डी वेगळा घ्यावा लागतो. तो खासगी कंपन्या विकतात, पण तुलना आणि अर्ज दोन्ही मेडिकेअर डॉट गव्ह या सरकारी साइटवर होतात. शोधताना वर येणाऱ्या जाहिराती बहुधा एजंटांच्या असतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी 'गव्ह' आहे ना, ते बघून घ्या.

मुदत: ६५ वर्षं पूर्ण होतात तो महिना, त्याआधीचे ३ आणि नंतरचे ३, असे ७ महिने. एरवी दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. तेव्हा घेतलेला विमा १ जानेवारीला सुरू होतो. मुदत संपल्यावर तोडीस तोड दुसरा औषध-विमा नसताना सलग ६३ दिवस गेले, तर दंड लागतो: विम्याविना गेलेल्या दर महिन्यामागे सरकारने ठरवलेल्या आधार-प्रीमियमच्या १ टक्का. २०२६ साठी तो आधार ३८.९९ डॉलर आहे. २० महिने गेले असतील तर दरमहा ७.८० डॉलर, आणि पार्ट डी असेपर्यंत ही कटकट सहसा सुटत नाही.

आता खरं काम, औषधांची यादी. ती साइट उघडण्याआधी कागदावर करा: नाव, मिलिग्रॅम, महिन्याला किती गोळ्या. भारतातून आणलेल्या पट्टीवरचं ब्रँडचं नाव इथे चालत नाही. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. मधुमेहाच्या विल्डाग्लिप्टिनला तर अमेरिकेत मंजुरीच नाही. आधी डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या. मेटफॉर्मिन ईआर (हळूहळू विरघळणारी गोळी) टाकलं की साधं ईआर, ऑस्मॉटिक, मॉडिफाइड असे प्रकार समोर येतात. गोळी दिसायला तशीच, पण चुकीचा प्रकार निवडला तर वर्षाचा खर्च भलताच फुगतो आणि चांगली योजना उगाच महाग दिसते. रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉलचंही तसंच: सक्सिनेट की टार्ट्रेट, ते बाटलीच्या लेबलवर वाचूनच ठरवा.

साइटवर पिन कोडसारखा झिप कोड टाका, 'पार्ट डी' निवडा, यादी भरा, मग घराजवळची दुकानं निवडा. ५ पर्यंत निवडता येतात. सगळी जागा वापरा, कारण एकच गोळी दोन दुकानांत वेगळ्या भावाने मिळते. समोर आलेल्या योजनांचा क्रम प्रीमियमवर नव्हे, तर औषधं आणि प्रीमियम मिळून होणाऱ्या वर्षाच्या खर्चावर लावा. शून्य प्रीमियमची योजना कधीकधी सगळ्यांत महाग पडते. प्रत्येक औषधापुढे 'प्रायर ऑथोरायझेशन' किंवा 'स्टेप थेरपी' लिहिलंय का, तेही पाहा. पहिल्यात कंपनीची आगाऊ मंजुरी लागते, दुसऱ्यात आधी स्वस्त औषध घेऊन बघावं लागतं. २०२६ मध्ये योजनेत बसणाऱ्या औषधांवर खिशातून जास्तीत जास्त २,१०० डॉलर जातात. प्रीमियम त्यात धरत नाहीत.

अर्जात मेडिकेअर कार्डावरचा ११ अक्षर-अंकांचा क्रमांक आणि पार्ट ए, बी सुरू झाल्याच्या तारखा लागतात. क्रमांकात एस, एल, ओ, आय, बी, झेड ही अक्षरं नसतातच, त्यामुळे गोल दिसलं की ते शून्य. शेवटी येणारा पुष्टी क्रमांक लिहून ठेवा.

जुनी पार्ट डी योजना असेल तर ती स्वतः बंद करू नका. नवी सुरू झाली की ती आपोआप सुटते. मात्र मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजची (पार्ट ए आणि बी खासगी कंपनीमार्फत देणारी) एचएमओ किंवा पीपीओ प्रकारची, म्हणजे ठरावीक डॉक्टरांच्या जाळ्यावर चालणारी योजना असेल, तर इथेच थांबा. वेगळा पार्ट डी घेतला की ती योजनाच जाते.

उत्पन्न कमी असेल तर सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याच्या साइटवर 'एक्स्ट्रा हेल्प'साठी, म्हणजे औषध-विम्याच्या खर्चातल्या मदतीसाठी, वेगळा अर्ज करा. अडलं तर मेडिकेअरच्या १-८००-६३३-४२२७ वर फोन लावा; इंग्रजी जमत नसेल तर दुभाषी मागा, त्याचे पैसे पडत नाहीत.