रात्रीच्या शांततेत चालणारा गेमिंग कॉम्प्युटर : सुटे भाग कसे निवडावेत

डिसेंबरात पुण्यात छताचा पंखा बंद झाला की घरातले सगळे बारीक आवाज वर येतात. फ्रिजची घरघर, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आणि टेबलाखालच्या कॉम्प्युटरचं घोंघावणं. उन्हाळाभर मला त्या कॉम्प्युटरचा त्रास जाणवला नव्हता, कारण छताच्या पंख्याच्या आवाजात तो बुडून जायचा. थंडीत मात्र रात्री साडेअकराला गेम सुरू केला की त्याच खोलीत झोपलेली लेक कूस बदलायची. त्या हिवाळ्यात मी दोनदा कॅबिनेटचे पंखे बदलले. पैसे गेले, आवाज तसाच राहिला. पंखे सगळ्यात शेवटी निवडायचे असतात आणि मी सुरुवातच तिथून केली होती. पुढे नवीन मशीन असेंबल करताना हा क्रम उलटा केला. तोच इथे सांगतो.

पहिली पायरी : वॅटचा हिशोब मांडा

कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पंखे फिरतात ते ही उष्णता बाहेर काढायला. म्हणून खरेदीच्या यादीत प्रत्येक भागासमोर किमतीबरोबर वॅटही लिहा. गेम खेळताना एकूण तीनशे वॅटच्या आसपास राहणारं मशीन साध्या, स्वस्त साहित्यातही शांत ठेवता येतं. पाचशेच्या पुढे गेलात की शांततेसाठी बराच खर्च आणि खटाटोप करावा लागतो.

आपल्याकडे यात हवामानाचाही वाटा आहे. यूट्यूबवरच्या परदेशी चाचण्या बहुतेक वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. नागपूर-अकोल्याला मे महिन्यात दुपारी घरात पस्तीस-छत्तीस अंश सहज असतात. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश आतले भागही जास्त तापतात, आणि ते खाली आणायला पंखा जोरात फिरवावा लागतो. त्यामुळे एखादं कार्ड ‘अगदी शांत’ आहे असं चाचणीत ऐकलंत, तर त्यातून आपला उन्हाळा वजा करून मगच विश्वास ठेवा.

दुसरी पायरी : ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग. गेमिंग मशीनमधला सगळ्यात मोठा आवाज इथून येतो. बजेट आणि वेळ दोन्ही इथेच जास्त द्या.

कंपन्यांनी दिलेले वॅटचे आकडे एका ओळीत ठेवून बघा. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, ५०६० टीआयला १८०, ४०७० ला २००, ५०७० ला २५०, आरएक्स ९०७० एक्सटीला ३०४ आणि आरटीएक्स ५०९० ला तब्बल ५७५. फुल एचडी किंवा त्याच्या वरच्या १४४०पी रिझोल्यूशनच्या मॉनिटरवर खेळणाऱ्याने दीडशे ते अडीचशे वॅटच्या पट्ट्यात राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे गेमही छान चालतात आणि उष्णता आवाक्यात राहते.

एकच चिप वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या कूलरवर बसवून विकतात आणि आवाजाचा खरा फरक तिथे पडतो. आखूड, दोन पंख्यांच्या कार्डापेक्षा लांब, जाड हीटसिंक (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि तीन पंखे असलेलं कार्ड तीच उष्णता सावकाश फिरून बाहेर टाकतं. किमतीत थोडा फरक असेल तर तो जरूर द्या. तापमान कमी असताना कार्डाचे पंखे पूर्ण थांबण्याची सोय आहे का, तेही बघा. ही सोय असली की सिनेमा बघताना किंवा ऑफिसचं काम करताना कार्डाचा काहीच आवाज येत नाही.

आता थोडं कार्ड घेतल्यानंतरचं, कारण हे काम फुकट होतं आणि बहुतेक लोक ते करत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नर हे प्रोग्राम कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यात पॉवर लिमिटची पट्टी १०० वरून ८० टक्क्यांवर आणा आणि रोजचा गेम अर्धा तास खेळा. बहुतेक गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांपैकी, म्हणजे फ्रेमपैकी, जेमतेम काही कमी होतात, पण कार्ड एक पंचमांश वीज कमी खातं आणि पंख्यांचा सूर लगेच खाली येतो. दुसरं म्हणजे फ्रेमला मर्यादा घाला. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल आणि कार्ड सेकंदाला १६० फ्रेम काढत असेल, तर त्यातल्या निम्म्याहून जास्त फ्रेम तुम्हाला दिसतच नाहीत. त्या काढण्यात फक्त वीज जाते आणि उष्णता वाढते. गेमच्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) मर्यादा ७५ ला लावा.

याच मर्यादेने आणखी एक त्रास कमी होतो. काही कार्डांमधून रातकिड्यासारखा बारीक, चिरका आवाज येतो. तो पंख्याचा नसतो. विजेच्या प्रवाहातल्या चढउताराबरोबर कार्डावरच्या तारेच्या गुंडाळ्या थरथरतात, त्यांचा असतो. फ्रेमचा आकडा जितका जास्त, तितका हा आवाज तीव्र. गेमच्या मेनूमध्ये, जिथे फ्रेम काही शेकड्यांत जातात, तिथे तो हमखास ऐकू येतो. हा दोष एकाच मॉडेलच्या एका कार्डात असतो, दुसऱ्यात नसतो. म्हणून कार्ड परत घेण्याची किंवा बदलून देण्याची अट काय आहे, ते दुकानदाराला आधीच विचारा.

तिसरी पायरी : प्रोसेसर आणि त्याचा कूलर

गेमिंगसाठी सगळ्यात महागडा प्रोसेसर लागत नाही, आणि शांततेसाठी तर तो टाळलेलाच बरा. कोअर आय ७ १४७००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो. याउलट रायझन ५ ७६०० हा ६५ वॅटच्या वर्गातला आहे आणि अडीचशे वॅटच्या आतल्या कार्डाला तो पुरून उरतो. खर्चाची तयारी असेल तर रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी घ्या. त्याच्या माहितीत १२० वॅट लिहिलेले असले, तरी गेममध्ये तो प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी वीज खातो.

बॉक्समध्ये फुकट मिळणारा छोटा कूलर वापरू नका. पाणी फिरवणाऱ्या कूलरपेक्षा मोठा, मनोऱ्यासारखा हवेचा कूलर मला जास्त पसंत आहे. पाण्याच्या कूलरचा पंप कॉम्प्युटर चालू असेपर्यंत थांबत नाही. गेम चालू नसताना, बाकी सगळं गप्प असताना, त्याचीच गुणगुण कानात बसते. थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिन १२० एसईसारखा उष्णता वाहून नेणाऱ्या सहा नळ्यांचा, दोन पंख्यांचा कूलर परवडणारा आहे आणि वर सांगितलेल्या प्रोसेसरला भरपूर होतो. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचे कूलर उत्तम असतात, पण किंमतही तशीच असते. घेण्याआधी उंची मोजा. पीअरलेस असॅसिनची उंची १५५ मिलिमीटर आहे, नॉक्टुआ एनएच-डी१५ ची १६५. तुमच्या कॅबिनेटमध्ये तेवढी जागा नसेल तर बाजूचं झाकण लागणार नाही.

चौथी पायरी : कॅबिनेट

इथे दोन पंथ आहेत. एक, आतून आवाज शोषणारे पट्टे लावलेलं बंद कॅबिनेट. दोन, पुढून जाळीचं मोकळं कॅबिनेट. थंड देशात पहिलं शोभतं. महाराष्ट्रात मी डोळे झाकून जाळी सुचवेन. बंद दारामागे गरम हवा कोंडते, कार्डाचे पंखे वेग वाढवतात आणि पट्ट्यांनी शोषला त्याहून जास्त आवाज तयार होतो. समोर पूर्ण काच असलेली कॅबिनेटं दिसायला झगमगीत असतात, पण हवा आत यायला जेमतेम बोटभर फट असते. माझ्या जुन्या कॅबिनेटचं दुखणं हेच होतं. बाजूचं झाकण काढलं की दोन मिनिटांत कार्डाचा आवाज उतरायचा. तुमच्या सध्याच्या मशीनवर हा प्रयोग आजच करून बघा. झाकण काढल्यावर आवाज कमी झाला, तर हवा अडते आहे हे नक्की.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, खरेदीला गेलात तर कॅबिनेट उघडून दाखवायला सांगा आणि त्यासोबत येणाऱ्या पंख्यांच्या वायरी बघा. टोकाला पांढरा, रुंद, चार जाड पिनांचा मोलेक्स जोड असेल तर तो पंखा कायम पूर्ण वेगाने फिरणार, त्याला आवरता येत नाही. मदरबोर्डवर लागणारा छोटा जोड हवा. त्याला तीन भोकं असतील तर व्होल्टेज कमी करून वेग आवरता येतो, चार असतील तर अगदी बारकाईने. रंगीत दिव्यांचे पंखे फुकट मिळतात म्हणून हुरळून जाऊ नका.

जाळीमागे काढून धुता येईल असा धुळीचा फिल्टर हवा. रस्त्याकडेच्या घरात तो दर महिन्याला धुवावा लागतो. मातीने भरलेला फिल्टर आणि बंद कॅबिनेट यांत फरक उरत नाही.

पाचवी पायरी : एसएमपीएस आणि डिस्क

एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, गरजेपेक्षा मोठा घ्या. तीनशे-साडेतीनशे वॅटच्या मशीनला ६५० ते ७५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा. तो निम्म्या भारावर चालतो, कमी तापतो आणि कमी भारावर पंखा बंद ठेवणारं मॉडेल असेल तर बहुतेक वेळ गप्प राहतो. सायबेनेटिक्स ही संस्था एसएमपीएसच्या आवाजालाही दर्जा देते. तिथे ए किंवा त्याहून वरचा दर्जा मिळालेला बघा.

फिरणारी हार्ड डिस्क या मशीनमध्ये नकोच. एनव्हीएमई एसएसडीला हलणारा भागच नाही. जुने फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर असतील तर ती बाहेरच्या खोक्यात घालून हवी तेव्हाच जोडा. मदरबोर्ड आणि रॅमचा आवाजाशी फारसा संबंध नाही, फक्त मदरबोर्डवर पंखे जोडायला चार-पाच जागा असाव्यात. घरात यूपीएस असेल तर त्याच्याजवळ कान लावून बघा. कधीकधी सगळा आवाज त्याचाच असतो.

सहावी पायरी : आता पंखे

पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. सारख्याच आवाजाचा दुसरा पंखा शेजारी लावला तर मात्र फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या एका पंख्याऐवजी ६०० फेऱ्यांचे दोन लावलेत, तर हवा जवळपास तेवढीच फिरते आणि आवाज १२ डेसिबलने कमी होतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, यावरून हा फायदा किती मोठा आहे ते लक्षात येईल. म्हणून मोठे आणि सावकाश फिरणारे पंखे घ्या. पुढे १४० मिलिमीटरचे दोन हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढे पुरतात. आर्क्टिकचे पी१४ स्वस्तात चांगलं काम करतात.

मग बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन पंख्याचा वेग कुठल्या तापमानाला किती, ते ठरवा. रायझन प्रोसेसर ब्राउझर उघडला तरी क्षणभर दहा-पंधरा अंश उडी मारतो आणि पंखा लगेच हुंकारतो, मग शांत होतो, मग पुन्हा हुंकारतो. एका लयीत चालणारा आवाज मेंदू विसरतो, ही चढउतार विसरत नाही. साठ अंशांपर्यंत वेग एकाच पातळीवर, ६०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. पंचाहत्तरला ९०० आणि पंच्याऐंशीच्या पुढे पूर्ण. वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर तीही लावा.

एक अडचण इथे राहते. बायोसला बहुधा प्रोसेसरचंच तापमान कळतं, कार्डाचं नाही. गेममध्ये तापतं ते कार्ड. फॅन कंट्रोल या फुकट प्रोग्रामने कॅबिनेटचे पंखे कार्डाच्या तापमानाला बांधता येतात. माझ्या मशीनवर सगळ्यात जास्त फरक या एका जोडणीने पडला.

शेवटी : ऐका

मशीन तयार झालं की रात्री घरातले सगळे झोपल्यावर छताचा पंखा आणि फ्रिज पाच मिनिटं बंद करा. गेम सुरू करून वीस मिनिटं चालू द्या, म्हणजे सगळे भाग तापतील. कॅलेंडरची जुनी गुंडाळी नळीसारखी कानाला लावा आणि तिचं दुसरं टोक एकेका भागाजवळ न्या, आवाज कुठून येतो ते नेमकं कळतं. संशय कॅबिनेटच्या पंख्यावर असेल तर त्याच्या मधल्या गोल भागावर बोट हलकेच टेकवून क्षणभर थांबवा, पात्यांना हात लावू नका. कार्डाच्या आणि एसएमपीएसच्या पंख्यांना बोट लावायला जाऊच नका. घोंघावणं हवेचं नसून लाकडी टेबल थरथरत असेल, तर कॅबिनेटच्या पायांखाली जुन्या रबरी चपलेचे चार तुकडे सरकवा. आमच्याकडे ते तुकडे दोन वर्षं तिथेच आहेत.