जिनिंगचा जुना भाग नवा करायला टाकण्याआधी

दिवाळीच्या आसपास कापसाच्या गाड्या येऊ लागल्या की टर्नरला बोलायलाही फुरसत नसते. म्हणून जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या, मशिनचे झिजलेले भाग नवे करून घ्यायचे ते पावसाळ्यातच. जळगावच्या एमआयडीसीत टाका नाहीतर गावातल्या लेथवर, माप सगळेच काळजीने देतात. पृष्ठभाग कसा हवा, हे मात्र कुणी सांगत नाही. मग ‘चकाचक करी देस ना भो!’ म्हणत कारागीर एमरी पेपर हातात घेतो, आणि भाग चमकतो पण कामाचा राहत नाही.

तेव्हा पहिली तयारी म्हणजे काहीच न घासणं. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर बाजूला ठेवा, रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने ग्रीस आणि सरकीची धूळ तेवढी पुसा. मग न झिजलेली जागा शोधा: कॉलरच्या आत, चावीच्या खाचेजवळ, नेमप्लेटखाली. मूळ फिनिश, म्हणजे पृष्ठभागाचा पोत, तिथेच सापडतं. बाकीची चमक वापराने आलेली असते. फोटो काढताना टॉर्च अगदी तिरपा धरा, शेजारी पट्टी ठेवा. दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत रेघा दिसत नाहीत.

दहापट भिंग जवळ हवंच. गोल भागावर स्क्रूच्या आट्यासारखी बारीक सलग रेघ दिसली तर ते लेथचं काम. सपाट भागावर सरळ, समांतर, सारख्या अंतराच्या रेघा असतील तर शेपर, कमानदार असतील तर मिलिंग. तुटक, आखूड, नखाला न लागणारे ओरखडे ग्राइंडिंगचे. सिलिंडरच्या आतली एकमेकींना छेदणारी जाळी होनिंगची; ती तेल धरून ठेवते, तेव्हा ती गुळगुळीत करू नका. लेथच्या रेघा मोजूनही घ्या. दहा मिलिमीटरमध्ये पन्नास रेघा म्हणजे फीड, भागाच्या एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर, ०.२ मिमी. टूलच्या टोकाची गोलाई ०.८ मिमी असेल, तर या फीडला उंचवट्यापासून खळग्यापर्यंतची खोली हिशेबाने सव्वासहा मायक्रॉनच्या आसपास येते. फीड दुप्पट केला की ती चौपट होते, म्हणून ‘थोडा जास्त फीड चालेल’ यावर मान डोलवू नका.

जुनं ड्रॉइंग मिळालं तर उत्तम. त्यावरचे उलटे त्रिकोण फिनिशचे असतात. जितके जास्त, तितकं बारीक. हल्ली आरए, म्हणजे खरखरीतपणाची सरासरी, मायक्रॉनमध्ये लिहितात: ३.२ साधारण टर्निंगला, १.६ चांगल्या टर्निंगला, ०.८ आणि त्याखाली सहसा ग्राइंडिंग. ड्रॉइंग नसेल तर वर्कशॉपमधली रफनेस कंपॅरेटरची पट्टी मागा आणि नख रेघांना आडवं फिरवून भाग पट्टीशी जुळवा. रेघांच्या दिशेने फिरवलं तर काहीच कळत नाही.

जिनिंगमध्ये सगळ्यात जास्त वाद सुरी आणि रोलरवरून होतो. सुरीच्या कडेवर बर, म्हणजे धातूची बारीक कुसळं, राहिली तर तंतू अडकतो, तुटतो. म्हणून रुईचा छोटा पुंजका सोबत न्या आणि कडेवरून हलकेच ओढून पाहा. तंतू अडकला तर काम अपुरं आहे. रोलरचं उलट. चामड्याच्या चकत्यांच्या रोलरने तंतू धरून ओढायचा असतो, त्यामुळे तो खरखरीतच हवा आणि त्यावरच्या खाचा मोकळ्या हव्यात. तो गुळगुळीत झाला की कापूस नुसता घसरतो. एकाच मशिनवरचे हे दोन भाग एकाच हाताखाली पॉलिशला देऊ नका, एवढंच माझं ठाम मत.

प्लेटिंगचा, म्हणजे धातूच्या मुलाम्याचा, रंगही तपासा. निकेलला किंचित पिवळट झाक असते, क्रोमला निळसर. पोलादावर थर शिल्लक आहे का, याची शंका असेल तर मोरचूद कामाला येतं, शेतीच्या दुकानात मिळतंच. पाण्यात विरघळवून आडबाजूला एक थेंब टाका. उघड्या पोलादावर लगेच तांबूस डाग उमटतो. मग धुऊन तेल लावा. जुन्या नट-बोल्टवरचा सोनेरी थर मात्र घासू नका. तो कॅडमियमचा असू शकतो आणि त्याची धूळ विषारी असते.

प्लेटिंगला देताना थरापुरतं माप आधीच सोडावं लागतं. हार्ड क्रोमचा थर दोन्ही बाजूंनी चढतो, म्हणून व्यास थराच्या दुप्पट वाढतो. ब्लॅकोडायझिंगने, म्हणजे पोलाद रसायनात काळं करण्याने, माप जवळपास बदलत नाही, पण तेलात बुडवल्याशिवाय ते गंज रोखत नाही. आटे आणि बेअरिंगच्या जागा झाकायला सांगा. स्प्रिंग किंवा कडक पोलाद असेल तर तेही सांगा, कारण ॲसिड आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं. प्लेटिंगनंतर लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसवर काही तास तापवून घ्यावं लागतं.

फिनिश आधी जुळवून पाहायला नमुन्याचा तुकडा त्याच धातूचा द्या. बिडाचा भाग असेल तर पोलादी रॉडवर जुळलेलं फिनिश त्यावर तसं येणार नाही. तयार भाग ताब्यात घेताना मायक्रोमीटर, भिंग आणि जुना भाग तिन्ही सोबत असू द्या. पैसे मोजण्याआधी माप घ्या, तेल चोळा, तेलकट कागदात गुंडाळून वर प्लास्टिक बांधा. पावसाळी हवेत घामाच्या बोटांचे ठसेसुद्धा ताज्या ग्राइंडिंगवर गंज धरतात.